अजून एक वर्ष बघू

आमच्या नंदाव्यांनी उभ्या जन्मात एकही वाक्य ठामपणानं उच्चारलं नाही, असं मी इथं लिहिलं, तर पहिली हरकत तेच घेतील. "वहिनी, हे जरा जास्तच ठाम झालं," म्हणतील. नंदावे म्हणजे नणंदेचे यजमान, घरचे जावई. त्यांच्यापुढं पाट मांडायचा, भातावर तूप सोडायचं आणि ते जे बोलतील ते गोड मानून घ्यायचं, एवढंच खरं तर माझं काम. पण हे जावई बोलायचे ते असं, की गोड मानावं का तिखट, तेच कळू नये. लग्नानंतर पहिल्यांदा जेवायला आले तेव्हा मी मोठ्या हौसेनं येसराची आमटी केली होती. "कशी झालीय?" म्हणून विचारलं. त्यांनी एक घोट घेतला, डोळे मिटले, आणि म्हणाले, "चांगली असावी. पण एका वाटीवरून निष्कर्ष काढू नये." मी घाबरून दुसरी वाटी वाढली. मग तिसरी. तिसरी संपली तेव्हा म्हणाले, "हां, आता बोलायला थोडा आधार झाला." तोवर आमटीच संपली होती, त्यामुळं निष्कर्ष काही मला कळला नाही. पुढं किती वर्षं मी त्यांना आमटी वाढली, पण तो निष्कर्ष आजतागायत बाकीच आहे.

लग्नातली गोष्ट तर आमच्याकडं अजून सांगतात. घास भरवताना नाव घ्यायची वेळ आली. आमच्या आत्याबाईंनी त्यांना आदल्या दिवशीच चांदीच्या ताटाचा आणि केशरी भाताचा एक उखाणा पाठ करायला दिला होता. हे घास हातात धरून बसले. सगळ्या बायका कान टवकारून. यांनी ताटाकडं बघितलं, भाताकडं बघितलं, आणि शांतपणे म्हणाले, "ताट पितळेचं दिसतंय. कल्हई बरी आहे. भात हळदीचा आहे. यातून पुढं यमक जुळत नाही." आत्याबाईंनी कपाळावर हात मारला. आमच्या वन्सं मात्र पदरात तोंड घालून अशा हसल्या, की घास खाली पडला. मला वाटतं, त्या दोघांचं लग्न खरं त्या क्षणी लागलं. बाकीचे विधी भटजींच्या समाधानासाठी झाले.

तर हे नंदावे शास्त्रज्ञ होते. हैदराबादला एका सरकारी प्रयोगशाळेत माती तपासायचे. कुठल्या गावची काळी, कुठली मुरमाड, कुठल्या मातीत काय कमी, हे नळ्यांत घालून बघायचं आणि कागदावर उतरवायचं. निजामाचं राज्य गेलं, संस्थान भारतात आलं, पुढं मराठवाडा मुंबईला जोडला, तसे कचेऱ्यांतले कागदही बदलले. काल जी उर्दू टेबलावर बसली होती ती उठली आणि मराठी येऊन बसली. त्या उठाबशीत पुष्कळ माणसांच्या बदल्या झाल्या. नंदाव्यांना दिल्लीला बोलावलं. चांगली जागा होती. पण दिल्लीचं नाव काढलं की वन्सं जेवण सोडायच्या. त्यांना मूलबाळ नव्हतं, हैदराबादच्या त्या घरात दिवसभर भिंतींशी बोलून त्या कंटाळल्या होत्या. "मला धाराशिवात राहू द्या. इथं निदान भांडायला वहिनी आहेत," असं म्हणायच्या. आणि खरं सांगायचं, तर मलाही त्या हव्या होत्या. माझ्या माहेरचं कुणी उरलं नव्हतं. वन्संच माझी बहीण, वन्संच मैत्रीण, आणि भांडणही त्यांच्याशीच.

तेव्हा नंदाव्यांनी असं काही केलं, जे आमच्या जिल्ह्यात आधी कुणी केलं असेल असं मला वाटत नाही. त्यांनी शास्त्र समजावून लिहिण्याचं दुकान काढलं. त्यांचं म्हणणं असं, की गावोगाव आता तेलावरची इंजिनं येतायत, खताची पोती येतायत, फवारायच्या पावडरी येतायत. पोत्यावरची अक्षरं इंग्रजीत. शेतकरी ती पावडर पिठाच्या डब्याशेजारी ठेवतो. इंजिन विकणाऱ्याला, खत विकणाऱ्याला, सरकारला, सगळ्यांना साध्या भाषेत लिहून देणारं कुणीतरी लागणारच. "लागणारच?" वन्संनी विचारलं. "म्हणजे, लागावं," ते म्हणाले. वन्संशी त्यांचा करार झाला, की येत्या दसऱ्यापासून पुढच्या दसऱ्यापर्यंत दुकान चालवून बघायचं. चाललं तर धाराशिव, नाही चाललं तर दिल्ली. दिल्लीच्या साहेबांनी तेवढे दिवस जागा धरून ठेवायचं कबूल केलं होतं, आणि तोवर दोघांचं बिऱ्हाड आमच्याच घरी होतं.

भागीदार म्हणून त्यांनी नळदुर्गचे खानसाहेब आणले. तेही त्याच प्रयोगशाळेतले. किडे, गोचिड्या, पाण्यातले बारीक जीव हा त्यांचा विषय. गोरे, उंच, अंगात शेरवानी आणि खिशात कायम एक बाटली, बाटलीत काहीतरी वळवळणारं. उर्दू असं लिहायचे, की डासाचं वर्णन वाचून डासावर जीव जडावा. दोघांचं एकमेकांवाचून पान हलायचं नाही आणि एका वाक्यावर एकमत व्हायचं नाही. नंदावे लिहायचे, "या किडीचा प्रादुर्भाव बहुधा ओलाव्यामुळे होत असावा." खानसाहेब कागद घेऊन थेट माझ्या स्वयंपाकघराच्या दाराशी यायचे. "भाभी, इनकू पूछो, ये 'बहुधा' का बोरा भरके लाए क्या हैदराबाद से? किडा सामने बैठके पत्ता खारा, और ये बोलते 'असावा'!" नंदावे मागून म्हणायचे, "खान, तू फक्त त्याला खाताना बघितलंस. सुरुवात त्यानंच केली कशावरून?"

कचेरीच्या समोर, कडुनिंबाखालच्या गाळ्यात पाटी लागली: "विज्ञान लेखन कार्यालय. कोणत्याही शास्त्रीय विषयावर सोप्या भाषेत लिहून मिळेल. मराठी व उर्दू." पाटी रंगवून झाल्यावर नंदाव्यांना चैन पडेना. दुसऱ्या दिवशी रंगाऱ्याला परत बोलावून "सोप्या भाषेत"च्या आधी "शक्यतो" घालून घेतलं. जागा नव्हती म्हणून ते बारीक अक्षरात वर तरंगत राहिलं, पाटीवर माशी बसल्यासारखं.

आता कचेरीसमोर टेबल टाकून दोन शिकलेली माणसं बसली, की आपल्याकडचा माणूस काय समजणार? अर्ज लिहिणारे! पहिल्या दिवसापासून लोक रांगेनं यायला लागले. कुणाला वाटणीचा अर्ज, कुणाला बंदुकीच्या परवान्याचा. नंदावे नाही म्हणायचे नाहीत. एकदा एक शेतकरी आला, तूर वाळली म्हणून शेतसाऱ्यात सूट मागायची होती. "तूर कशानं वाळली?" नंदाव्यांनी विचारलं. "द्येवाला ठावं," तो म्हणाला. "देवाचं नंतर बघू. झाड आणलंय का?" झालं. तो बिचारा परत गावाला जाऊन मुळासकट झाड घेऊन आला. खानसाहेबांनी ते उभं चिरलं, आत काळी रेघ दाखवली, दोघांनी दुपारभर खल केला, आणि त्या माणसाला पानभर लिहून दिलं, की रोग मातीत आहे, पुढच्या साली त्या तुकड्यात तूर पेरू नको, ज्वारी पेर. तो म्हणाला, "आन अर्ज?" अर्ज राहूनच गेला होता. तरी तो ते पान घडी करून टोपीत घालून गेला. ज्वारी पेरली का, ते विचारायला नंदावे नंतर सायकलवरून त्याच्या गावाला जाऊन आले. पेरली होती. "पण त्यानं ती तशीही पेरली असती," आल्यावर म्हणाले.

त्यांच्या लिहिण्याची एक पद्धत होती, आणि त्या पद्धतीत मी होते. मी शाळेची पायरी चढलेली नाही. आमच्या लहानपणी शाळा उर्दूत, आणि मुलींना तीसुद्धा नाही. अक्षरं मी लग्नानंतर, चुलीपुढच्या राखेत बोटानं गिरवून शिकले. तर नंदाव्यांनी ठरवून टाकलं, की वहिनींना जे ऐकताक्षणी कळेल तेच छापायचं. सकाळी मी भाकरी थापायला बसले, की ते उंबऱ्यात पाट टाकून बसायचे आणि कालचा मजकूर वाचायचे. मला विचारायचे नाहीत, "कळलं का?" म्हणून. त्यांचं म्हणणं, विचारलं की माणूस भिडेखातर हो म्हणतो. ते नुसते माझ्या हाताकडं बघायचे. भाकरी थापण्याचा एक ताल असतो. एखादा जड शब्द आला, की माझा हात मला न कळत थांबायचा. तो थांबला, की हे त्या शब्दाखाली रेघ मारायचे. "बाष्पीभवन" आलं, हात थांबला, रेघ. "द्रावण" आलं, रेघ. सुरुवातीला मला हे ठाऊकच नव्हतं. कळलं तेव्हा मी मुद्दाम, काही कळो न कळो, धडाधड थापतच राहिले. तर म्हणाले, "वहिनी, आज भाकरी फाटतायत. नमुना बिघडला. उद्या परत वाचतो."

गिऱ्हाईक म्हणाल, तर तुळजापूरचे एक तेलवाले आले होते. यात्रेकरूंना केस वाढवायचं तेल विकायचे. त्यांना बाटलीवर चिकटवायला चार ओळी हव्या होत्या, खाली "शास्त्रज्ञांनी तपासलेले" असं. नंदावे म्हणाले, "तपासल्याशिवाय कसं लिहू?" स्वतःला टक्कल होतंच. त्यांनी डाव्या अर्ध्या डोक्याला तेल लावायला सुरुवात केली आणि उजवं तसंच ठेवलं, तुलनेसाठी. हिवाळाभर हा माणूस अर्धं डोकं चमकवत धाराशिवात फिरत होता. वन्संनी उशीलासुद्धा मधोमध शिवण घालून दिली होती, तेलकट बाजू वेगळी. मार्गशीर्ष गेला, पौष गेला. शेवटी चार ओळी तयार झाल्या: "हे तेल लावल्याने कातडी मऊ होते. वास चांगला आहे. डाव्या व उजव्या बाजूस केसांच्या वाढीत फरक आढळला नाही. एकाच डोक्यावरून निष्कर्ष काढू नये." तेलवाल्यांनी कागद वाचला, नंदाव्यांच्या डोक्याकडं बघितलं. "साहेब, म्या तेल इकायचं का ह्ये वाचून दाखवायचं?" नंदावे म्हणाले, "दोन्ही जमल्यास उत्तम." तेलवाले गेले ते परत काही आले नाहीत.

असं करत उन्हाळा तोंडावर आला, दसरा पुढ्यात दिसायला लागला. वन्सं दुकानाबद्दल काही बोलत नव्हत्या, पण परसात लावलेल्या पेरूला पाणी घालताना म्हणायच्या, "याला फळ धरलेलं मी बघेन का हो वहिनी?" मी म्हणायचे, "न बघायला काय झालं?"

तेवढ्यात नारूचं काम आलं. आताच्या मुलींना नारू ठाऊक नसेल. आमच्याकडं बारवेचं पाणी पिणाऱ्या गावांत उन्हाळ्यात माणसाच्या पायातून दोऱ्यासारखा लांब किडा बाहेर पडायचा. तो काडीला गुंडाळत गुंडाळत, रोज थोडा थोडा ओढून काढायचा. तुटला की पाय सुजून माणूस महिना-महिना बाजेवर. ऐन पेरणीच्या तोंडाला अर्धं गाव असं आडवं. आरोग्याच्या कचेरीतल्या एका साहेबांनी दुकानात येऊन सांगितलं, की नारूवर एक पत्रक लिहून द्या, जिल्हाभर वाटायचंय. हे पसंत पडलं, तर पुढं देवीचं, हिवतापाचं, सगळं काम तुमच्याकडंच. खानसाहेबांनी त्या दिवशी पेढे आणले. वन्संनी पेरूला दुप्पट पाणी घातलं.

दोघं शास्त्रज्ञ कामाला असे भिडले, की बघत राहावं. खानसाहेबांनी बारवेचं पाणी बाटलीत आणून मला उन्हात धरून दाखवलं. आत रव्याच्या कणासारखे पांढरे ठिपके टुणटुण उड्या मारत होते. "ये देखो भाभी. नारूवाला आदमी पायरी उतरके पानी में पाँव रखता, नारू अपने बच्चे पानी में छोडता, ये उनकू खाता, और आप इसकू पीते." मी त्या दिवसापासून पाणी चार पदरी लुगड्यातून गाळायला लागले, ती आजही गाळते. नळ आला तरी.

पत्रक सात वेळा माझ्या चुलीपुढं वाचलं गेलं. शेवटी असं झालं, की पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत माझा हात एकदाही अडला नाही. पाण्यात पाय घालू नका. जुनेराची चार पदरी घडी घालून पाणी गाळा. गाळलेलं फडकं बारवेपासून लांब झटका. आणि शेवटी नंदाव्यांच्या हट्टाच्या दोन ओळी होत्या: "आज गाळायला लागलात तरी यंदा नारू निघेल. तो गेल्या वर्षी प्यालेल्या पाण्याचा आहे. गाळल्याचा गुण पुढच्या वर्षी दिसेल." कारण नारू पोटात गेल्यावर बाहेर पडायला वर्ष घेतो.

कचेरीतल्या साहेबांना सगळं आवडलं, तेवढ्या दोन ओळी सोडून. त्यांनी त्यांवर काट मारली आणि वर लिहिलं, "पाणी गाळा, नारू टाळा." माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "अहो, एक वर्षानं गुण येईल म्हटल्यावर आज कोण फडकं बांधणार? लोकांना आज सांगितलेलं उद्या दिसलं पाहिजे." नंदावे म्हणाले, "पण उद्या दिसणार नाही. उद्या नारूच निघेल. मग ते म्हणतील, कागद खोटा. आणि फडकं सोडतील, ते कायमचं." साहेब म्हणाले, "तुम्ही फार विचार करता." नंदावे म्हणाले, "सवय आहे." साहेबांनी चार दिवसांची मुदत दिली. दोन ओळी काढा, नाही तर काम दुसऱ्या कुणाला जाईल.

ते घरी येऊन पाटावर बसले तेव्हा मी तव्यावर भाकरी टाकत होते आणि वन्सं भाजी निवडत होत्या. त्यांनी सगळं सांगितलं, जसंच्या तसं. वन्संनी भाजी खाली ठेवली.

"म्हणजे काम गेलं."

"अजून गेलं नाही. दोन ओळी काढल्या तर राहील."

"मग काढा की! दोन ओळी! नवरदेव झालात तेव्हाबी ताट पितळेचं म्हणून बसलात. आज तरी म्हणा चांदीचं!" वन्संचा आवाज चिरकला. "पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी! लोकांचा नारू पुढच्या वर्षी जाईल. मला याच वर्षी जावं लागतंय, त्याचं काय?"

नंदावे टकलावरून हात फिरवत बसले, उगीच डाव्या बाजूवरून. मग म्हणाले, "तू म्हणशील तर काढतो."

मी तवा उतरवला. मला वाटलं, आता वन्सं म्हणतील, काढा. मी मनात देवीला हात जोडले, की म्हणू दे. वन्सं नंदाव्यांकडं बघत राहिल्या, आणि मग एकदम भाजीची ताटली ओढून घेत म्हणाल्या, "काढाल, आणि जन्मभर माझ्यासमोर असं तोंड करून बसाल. ठेवा त्या ओळी. पण मग कागद घरात सडवू नका. आधी एखाद्या गावात जाऊन सांगा तरी."

म्हणून आम्ही चौघं जळकोटच्या अलीकडच्या एका गावाला गेलो. तुळजापूरपर्यंत एस्टी, पुढं दुसरी, मग बैलगाडी. गाव खानसाहेबांच्या ओळखीचं. बारवेवर बायकांची गर्दी. नंदाव्यांनी कागद काढला, घसा साफ केला, आणि वाचायला लागले. दोन परपुरुष पायऱ्यांवर उभे राहून काही वाचतायत म्हटल्यावर बायकांनी पदर ओढले आणि पाठ फिरवली. मी खानसाहेबांकडं बघितलं, खानसाहेब बाटलीकडं. तेव्हा वन्सं पुढं झाल्या. एकीच्या हातातली घागर घेतली, स्वतःच्या पिशवीतलं जुनेर काढलं, चार पदर केले, घागरीच्या तोंडावर बांधलं.

"आमी गाळतोच की," एक जण म्हणाली. "येक पदरी."

"एका पदरातनं हे जातंय," म्हणून वन्संनी खानसाहेबांची बाटली घेऊन उन्हात धरली. बायका एकेक करून वाकल्या. "अगं बया! ह्ये आमच्या पाण्यात?"

"तुमच्याच. आन ऐका, औंदा नारू निघंलच. गाळलं तरी निघंल. तो मागल्या सालचा हाय. पुढल्या साली न्हाय निघायचा."

पायरीवर एक म्हातारी बसली होती. पायाला चिंधी, चिंधीत काडी. तिनं मान वर केली. "पुढल्या साली न्हाय निगायचा?"

वन्संनी नंदाव्यांकडं बघितलं. नंदाव्यांच्या ओठांवर "बहुधा" आलेलं मला दिसलं. पण ते त्यांनी गिळलं. वन्संच म्हणाल्या, "चार पदरी गाळलं, पाण्यात पाय घातला न्हाय, बाहेरगावचं न गाळता प्यालं न्हाय, तर न्हाय निघायचा."

"बरं," म्हातारी म्हणाली. "मंग पुढल्या साली तू येशील का बगाया?"

वन्संनी घागर भरून तिच्यापुढं ठेवली आणि जुनेर तसंच तोंडावर बांधून ठेवलं.

मुदत संपली तसं कचेरीनं पत्रकाचं काम दुसरीकडं दिलं. दसऱ्याला पाटी उतरवली. "शक्यतो" तेवढं अजून ठळक होतं, बाकीचा रंग उन्हानं गेला होता. खानसाहेब नळदुर्गला शाळेत शिकवायला लागले. बैलगाडीत ट्रंका चढवताना नंदावे मला म्हणाले, "वहिनी, दुकान चाललं नाही असं म्हणता येणार नाही. नमुना लहान होता." मी म्हटलं, "भाऊजी, तुमच्याशी बोलायचं म्हणजे रडूसुद्धा नीट येत नाही बघा." वन्संनी पेरूच्या झाडाला एक तांब्या पाणी घातलं आणि मागं न बघता गाडीत बसल्या.

पण गंमत पुढंच आहे. बारवेवर गेलो त्याला वर्ष झालं तेव्हा, उन्हाळा भरात असताना, दारात टांगा थांबला. दिल्लीहून दोघं! ना पत्र, ना तार. वन्सं उतरताउतरता म्हणाल्या, "वहिनी, उद्या त्या गावाला जायचंय. मला विचारलं होतं, येशील का म्हणून." आम्ही गेलो. खानसाहेबही नळदुर्गहून आले. म्हातारी बारवेच्या वरच्या पायरीवर बसलेली. पायाला चिंधी नव्हती. तिनं वन्संना ओळखलं.

"आलीस व्हय!" म्हणाली. "औंदा न्हाय निगाला. माझ्या घरात कुणालाच न्हाय. खालच्या आळीत दोगांना निगाला, पर त्ये लग्नाला गेल्ते, तिकडचं प्याले."

खानसाहेबांनी आनंदानं नंदाव्यांच्या पाठीत एवढी थाप मारली, की त्यांचा चष्मा घसरला. "अब बोलो! अब तो बोलो, भई!"

नंदाव्यांनी चष्मा नीट केला. म्हातारीला पन्नास प्रश्न विचारले. पाऊस किती झाला होता, बारव आटली होती का, लग्न कुठल्या गावचं होतं. मग बारवेकडं बघितलं, वन्संकडं बघितलं. त्या म्हातारीच्या शेजारी पायरीवर बसून, पदरानं वारा घेत, माहेरी आल्यासारख्या हसत होत्या. नंदावे म्हणाले, "चांगलं आहे. पण एका वर्षावरून निष्कर्ष काढू नये. पुढच्या उन्हाळ्यात परत येऊन बघावं लागेल."

आणि पुढच्या उन्हाळ्यात ते आले. त्याच्या पुढच्याही. कधी म्हणायचे, गेल्या वर्षी पाऊस कमी होता, ते वर्ष धरता येणार नाही. कधी म्हणायचे, आता शेजारचं गाव बघायला हवं, तुलनेसाठी. वन्संचा मुक्काम माझ्याकडं महिनाभर, कधी दीड. पेरूला फळ धरलं, त्यांनी बघितलं, खाल्लं, बिया परत लावल्या. मी एकदा गमतीनं म्हटलं, "भाऊजी, आता गावात औषधाला नारू नाही. बारवेवर पंप बसला. आता तरी निष्कर्ष काढा." ते उंबऱ्यातल्या पाटावर बसले होते, माझ्या हाताकडं बघत. वाचायला कागद नव्हता, तरी सवयीनं बघत. आत वन्सं कुठल्याशा गोष्टीवर मोठ्यानं हसत होत्या. "घाई कशाला, वहिनी," म्हणाले. "अजून एक वर्ष बघू."

मग एका उन्हाळ्यात वन्सं एकट्याच आल्या. कपाळ मोकळं. मी त्यांना जवळ घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाकरी थापायला बसले, तर त्या उंबऱ्यातल्या पाटावर येऊन बसल्या. माझा हात थांबला. त्यांनी तो बघितला.

"वन्सं," मी म्हटलं, "आता इथंच राहता का? कायमच्या?"

त्यांनी परसातल्या पेरूकडं बघितलं, मग रिकाम्या दारातून बाहेर रस्त्याकडं.

"उद्या आधी त्या गावाला जाऊन येऊ," म्हणाल्या. "मग ठरवू. एवढ्यात काही सांगता येत नाही हो, वहिनी. अजून एक वर्ष बघू."